सेकण्ड इनिंग, चार पायांची

पाच-साडेपाच वर्षं केनेलच्या पिंजऱ्यात काढलेली लॅब्रॅडॉर टू बीएचकेमध्ये राहायला येते, तेव्हा शिकवणी नक्की कुणाची सुरू होते? तिची की आपली? एक अनुभव आणि त्यातून मिळालेल्या भरपूर टिप्स.

कुत्रा पाळायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? कापसाच्या गोळ्यासारखं पिल्लू, त्याच्या गळ्यात लाल रिबन, बुटांच्या लेसशी चाललेली त्याची मारामारी आणि पहिल्याच आठवड्यात मोबाइलमध्ये जमलेले चारशे फोटो. बरोबर ना? आमच्याकडे यातलं काहीही झालं नाही. आमच्याकडे आली ती थेट एक प्रौढ बाई. वय साधारण साडेपाच, रंग फिकट पिवळा, कोपरांवर जाड घट्टे, पोटाखालची कातडी बाळंतपणांनी सैल पडलेली. नाव नाहीच. केनेलच्या वहीत ‘लॅब फीमेल, यलो’ एवढीच नोंद.

शहराबाहेरच्या एका केनेलमध्ये पिल्लं जन्माला घालणं एवढंच तिचं काम. शेवटच्या खेपेला दोनच पिल्लं झाली, त्यातलं एक जगलं. धंद्याच्या हिशेबात बाई ‘संपली’. ‘‘मालक म्हणतोय, न्यायची तर न्या, नाहीतर बघू काय करायचं ते,’’ प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. त्या ‘बघू’चा अर्थ तिनंही सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या एका पावसाळी शनिवारी ती आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दाखल झाली. नवऱ्यानं रंग बघून नाव ठेवलं, शेवंती. लाडानं शेवू.

आता तुम्ही म्हणाल, वा! पिंजऱ्यातून सुटका, मऊ गादी, प्रेमळ माणसं. बाईसाहेब शेपटी हलवत घरभर फिरल्या असतील. छे! शेवंती दारातून आत आली, शू-रॅक आणि भिंत यांच्या फटीत शिरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रात्री अकरापर्यंत तश्शीच.

घर म्हणजे काय रे भाऊ?

आपल्याला वाटतं, घर कुणाला आवडत नाही? पण ज्यानं घर कधी पाहिलंच नाही, त्याच्यासाठी ते एक विचित्र ठिकाण असतं. गुळगुळीत फरशी, गरगरणारा पंखा, आरशातून बघणारं दुसरं कुत्रं, टीव्हीतून बोलणारी माणसं, आपोआप उघडणारी लिफ्ट. आणि दिवसभर आजूबाजूला वावरणारी, मध्येच वाकून डोक्यावर हात ठेवणारी माणसं!

याच्या मुळाशी पिल्लूपण आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं पिल्लं वाढवून त्यांच्या वागण्याचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. त्यांचा एक निष्कर्ष आजही ट्रेनर मंडळी रोज वापरतात. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. या काळात माणसं, आवाज, जमिनी, वाहनं, लहान मुलं हे सगळं सहज भेटलं, तर ते पुढे ‘नॉर्मल’ वाटतं. त्या आठवड्यांत चार भिंती आणि एक जाळी एवढंच दिसलं असेल, तर बाकीचं जग पुढे संशयास्पद ठरतं.

आणि या सगळ्याचं मोजमापही झालंय, बरं का. २०११ मध्ये फ्रँकलिन मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रीडिंगच्या धंद्यातून सुटून घरात आलेल्या १,१६९ कुत्र्यांची तुलना साध्या पाळीव कुत्र्यांशी केली. केनेलवाली कुत्री माणसांना, आवाजांना, नव्या वस्तूंना जास्त घाबरत होती. घरात शू-शी जास्त करत होती, एकटक शून्यात बघत बसत होती. पण अनोळखी माणसांवर आणि दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. म्हणजे ती वाईट नसतात हो, धास्तावलेली असतात. हा अभ्यास मला आमच्या व्हेट डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितला आणि माझं निम्मं टेन्शन तिथेच उतरलं. शेवंतीचं जे चाललं होतं, ते हट्ट किंवा ‘डोक्यावर परिणाम’ वगैरे काही नव्हतं.

डॉक्टरांच्या यादीत बाकी बरंच काही निघालं. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची रक्ततपासणी, जंतांचं औषध, लसी, वाढून वळलेली नखं. पुढचे सुळे घासून बोथट झालेले, वर्षानुवर्षं जाळी चावल्यामुळे. कोपरांवरचे घट्टे सिमेंटवर झोपल्याचे. आणि तब्येत जरा सुधारल्यावर नसबंदी, कारण वाढत्या वयात मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. पायोमेट्रा म्हणतात त्याला आणि तो जिवावर बेततो.

पहिले तीन दिवस : काहीही करायचं नाही

कुत्री दत्तक देणाऱ्या मंडळींत एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस नुसतं भांबावलेपण, तीन आठवड्यांत घराचं रुटीन कळायला लागतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. केनेलमधल्या कुत्र्यांना याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. पण सुरुवातीचे तीन दिवस सगळ्यांना सारखेच लागू. या काळात आपण काय करायचं? काहीही नाही!

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. आम्ही शू-रॅक सरकवून त्या कोपऱ्यात जुनी गोधडी टाकली, वरून टेबल ठेवून त्यावर चादर सोडली. झाली गुहा तयार. पाण्याचं भांडं जवळ. दोघांनीही लागोपाठ रजा टाकल्या होत्या, म्हणजे पहिले दोन आठवडे घरात कुणीतरी असेल. पण असायचं ते नुसतं असायचं. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, वाकून हात पुढे करायचा नाही, ‘आले ले ले’ नाही आणि पाहुणे तर अजिबात नाहीत. बिल्डिंगमधली मुलं ‘काकू, कुत्रा बघू?’ म्हणत तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा बिस्किटं देऊन परत पाठवली.

शेवंती पहिले दोन दिवस आमच्यासमोर जेवली नाही. रात्री दिवे घालवून आम्ही आत गेलो की पंधरा मिनिटांनी भांड्याचा आवाज यायचा. आम्ही बेडरूममध्ये श्वास रोखून तो ऐकायचो. आयपीएलच्या शेवटच्या ओव्हरलासुद्धा आमच्या घरात इतकी शांतता नसते!

याच दिवसांत कुत्र्याची भाषा शिकून घ्या. झोप आलेली नसताना जांभई, काही खाल्लेलं नसताना ओठ चाटणं, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, एक पाय उचलून थिजणं. हे सगळं ‘जरा लांब राहा’ असं म्हणणं आहे. तेव्हा ऐकलंत, तर तिला गुरगुरण्याची वेळच येत नाही.

फिनेलचा वास आणि शू-शीचं गणित

आता मुख्य प्रश्न. शेवंती पावसात बाहेर अर्धा तास उभी राहायची. हिरवंगार गवत, मऊ माती, निवांतपणा, सगळं पुढ्यात. काही नाही! वर आली की गॅलरीतल्या फरशीवर दोन मिनिटांत कार्यक्रम उरकायची.

याचं कारण कळलं, तेव्हा मला तिचं कौतुकच वाटलं. कुठल्या पृष्ठभागावर शू-शी करायची, हे कुत्रं लहानपणीच ठरवतं आणि पायाखालच्या स्पर्शानं लक्षात ठेवतं. शेवंतीच्या हिशेबात सिमेंट म्हणजे संडास. फरशी हा त्याचाच गुळगुळीत भाऊ. गवत? ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. त्यातून आमच्या बाई फरशी पुसायच्या फिनेलनं. केनेलसुद्धा फिनेलनंच धुतलं जातं. म्हणजे वासही ओळखीचा!

मग उपाय तिच्याच तर्कानं केला. फिनेल बंद. डाग पडला की एन्झाइमवालं क्लीनर, त्यानं लघवीचा वास मुळापासून जातो. अमोनियावाली क्लीनर टाळायची, कारण त्यांचा वास कुत्र्याला लघवीसारखाच वाटतो. बाहेर तिला थेट गवतावर न नेता पार्किंगच्या मागच्या सिमेंटच्या कोपऱ्यात न्यायला लागलो. रोज त्याच वेळा : झोपून उठल्यावर, जेवणानंतर आणि मध्ये दर दोन तासांनी. तिथे काम झालं की लगेच, म्हणजे अक्षरशः दोन सेकंदांत, चिकनचा तुकडा. घरी आल्यावर दिलेला तुकडा कामाचा नाही, तिला तो लिफ्टचं बक्षीस वाटतो. कोपरा पक्का झाल्यावर दररोज थोडं थोडं मातीकडे सरकलो. तिच्या लघवीनं भिजलेला वर्तमानपत्राचा तुकडा मातीवर ठेवला, म्हणजे वास सांगेल की हीच जागा. वॉचमनकाकांनी हा सगळा प्रकार पाच दिवस बघितला आणि सहाव्या दिवशी न राहवून विचारलं, ‘‘ताई, पेपर वाचायला देताय का तिला?’’

आठव्या आठवड्यात शेवंतीनं पहिल्यांदा गवतावर शू केली. मी भर पावसात टाळ्या वाजवल्या. काका पण वाजवायला लागले.

कुकर, मिक्सर आणि इतर राक्षस

आपल्या स्वयंपाकघराइतकं भीतिदायक ठिकाण दुसरं नसेल. पहिली शिट्टी झाली आणि शेवंती बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन थरथरायला लागली. ‘होईल सवय आपोआप’ असं पुष्कळ जण सांगतात. होते कधी कधी. पण घाबरलेल्या कुत्र्याला त्याच आवाजात कोंडून ठेवलं, तर भीती आणखी पक्की व्हायची शक्यता जास्त.

त्यापेक्षा पद्धत साधी आहे. कुकरची शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली. अगदी बारीक आवाजात, ती मान वर करेल पण उठणार नाही इतकीच, लावायची आणि लगेच पनीरचा तुकडा. शिट्टी, पनीर. शिट्टी, पनीर. आवाज आठवड्याला थोडासाच वाढवायचा. ती घाबरली तर एक पायरी मागे. तोपर्यंत खरा कुकर ती खाली फिरायला गेली असतानाच लावायचा. दीड महिन्यानं शिट्टी झाली की बाई उठून स्वयंपाकघराच्या दारात यायला लागल्या. आता तर तीन शिट्ट्या झाल्या आणि पनीर आलं नाही, तर आमच्याकडे तक्रारीच्या नजरेनं बघतात.

फरशीवर तिचे पाय घसरायचे, म्हणून हॉलपासून दारापर्यंत योगा मॅट आणि पायपुसण्यांचा हायवे तयार केला. इंटीरिअरचं पार वाटोळं झालं, पण ती त्या रस्त्यावरून आत्मविश्वासानं चालायला लागली. आरशावर महिनाभर ओढणी टाकली. आणि घरात संगीत! २००२ मध्ये बेलफास्टच्या डेबोरा वेल्स यांनी निवारा केंद्रातल्या कुत्र्यांवर अभ्यास केला, त्यात शास्त्रीय संगीतानं कुत्री शांत राहिली आणि हेवी मेटलनं जास्त भुंकली. २०१७ मध्ये ग्लासगो विद्यापीठ आणि तिथल्या प्राणिसंस्थेच्या अभ्यासात सॉफ्ट रॉक आणि रेगेला पसंती मिळाली. आमच्या शेवंतीचं मत विविध भारतीला. जुनी गाणी लागली की दहा मिनिटांत घोरते.

नवऱ्याची परीक्षा

शेवंती मला आठवड्याभरात सहन करायला लागली. नवरा खोलीत आला मात्र, की गुहेत. सहा फुटी माणूस, भरड आवाज. केनेलमध्ये पुरुषांनी तिला कसं वागवलं असेल, हे आम्हाला कळायचा मार्ग नाही. पण रोज संध्याकाळी हिंजवडीहून दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून घरी यायचं आणि आपल्याला बघून कुणीतरी पळून जायचं, हे मनाला लागतंच की.

एका रात्री तो म्हणाला, ‘‘आपण तिला बरं करतोय की त्रास देतोय? मी नसलेल्या घरात ती जास्त सुखी राहील.’’ तो चिडून बोलत नव्हता. खरंच विचारत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ठरवलं, तीन महिने पूर्ण होऊ देऊ. तोवरही ती अशीच जगत असेल, तर तिच्यासाठी एखादं शांत, मोठ्या अंगणाचं घर शोधू. तिला सोडून देण्यासाठी नव्हे, तिच्या भल्यासाठी. ते तीन महिने आम्ही कॅलेंडरवर मोजले.

मग त्यानं शहाणपणाचा उपाय केला. घरी आला की तिच्यापासून आठ फुटांवर जमिनीवर आडवा व्हायचा, तिच्याकडे पाठ करून, आणि पुस्तक वाचायचा. हात मागे सरकवून एक-एक खाऊ ठेवून द्यायचा. बोलायचं नाही, वळायचं नाही. तिचं जेवणही रोज त्याच्याच हातचं. तीन आठवडे हा शिरस्ता चालला. अंतर आठ फुटांचं पाच झालं, पाचाचं दोन. आणि ऑगस्टमधल्या एका रात्री त्यानं मला हाक मारली, इतक्या हळू की मला वाटलं काहीतरी झालं. बघते तर शेवंतीनं हनुवटी त्याच्या घोट्यावर ठेवलेली. तो हलायला तयार नाही. पाऊण तास तसाच पडून होता. नंतर पायाला इतक्या मुंग्या आल्या की त्याला भिंत धरून उठावं लागलं.

गळ्यात एक, अंगात एक

केनेलमधून आलेलं कुत्रं घाबरलं की पळतं आणि पळालं की परत यायची वाट त्याला माहीत नसते. नाव नवीन, घर नवीन. म्हणून पहिल्या दिवसापासून आमचा नियम : गळ्यात घट्ट बसणारा पट्टा, अंगात हार्नेस आणि दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या. पट्ट्यावर आमचा फोन नंबर असलेला बिल्ला, कातडीखाली मायक्रोचिप. येणारे-जाणारे हसायचे. ‘‘अहो, एवढी गरीब कुत्री आणि दोन-दोन दोऱ्या?’’

सप्टेंबरमध्ये कर्वे रस्त्याच्या कोपऱ्यावर एका बुलेटच्या सायलेन्सरनं फाडकन आवाज काढला. शेवंती उलटी सरकली, मान आक्रसली आणि पट्टा गळ्यातून निसटून माझ्या हातात लोंबकळायला लागला. पुढे संध्याकाळी सातचा ट्रॅफिक. तिला धरून ठेवलं ते हार्नेसनं. मी तिथेच फुटपाथवर बसले. ती माझ्या मांडीत घुसली, पूर्ण अंगानिशी. भीती वाटल्यावर ती माणसापासून लांब न पळता माणसाकडे आली, असं पहिल्यांदाच घडत होतं. कॅलेंडरवर तीन महिने व्हायला आठ दिवस बाकी होते. त्या रात्री नवऱ्यानं कॅलेंडर भिंतीवरून काढलं.

सासूबाईंची एण्ट्री

ऑक्टोबरमध्ये सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर राहायला आल्या. त्यांना कुत्र्यांचं वावडं. साताऱ्याच्या घरात कुत्र्याला ओसरीच्या वर प्रवेश नाही. मी मनातल्या मनात भाषणं तयार ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवंतीकडे नीट बघितलं आणि विचारलं, ‘‘हिची बाळंतपणं किती झाली गं?’’

‘‘नक्की माहीत नाही आई. पाच-सहा तरी असतील.’’

‘‘आणि पोरं?’’

‘‘विकली.’’

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘पाच-सहा बाळंतपणं करून बाई माहेरी आलीय आणि तुम्ही तिला ते कोरडे खडे खायला घालताय? तांदळाची पेज कर आधी.’’ डॉक्टरांना विचारून बिनमिठाची पेज सुरू झाली. पुढे प्रकरण डिंकाच्या लाडवांपर्यंत गेलं, तेव्हा मात्र मला मध्ये पडावं लागलं. त्यात साखर तर असतेच, शिवाय बेदाणे. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल हे सगळं कुत्र्यांसाठी विषारी असतं. ‘‘बरं बाई, लाडू तू खा,’’ असं म्हणत त्यांनी ते लाडू मला खायला लावले.

अखेर भुंकली!

पहिले पाच महिने शेवंतीच्या तोंडातून आवाज निघाला नव्हता. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी पेपरवाल्यानं दारावर पेपर फेकला आणि आतून आवाज आला, ‘भॉक्!’ एकदाच. ती स्वतःच दचकली. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. हे माझं दार आहे, असं तिला वाटायला लागल्याची ती खूण होती.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज : ‘काही फ्लॅटमधून कुत्र्याच्या भुंकण्याचा त्रास होत आहे. लिफ्टमध्ये कुत्री नेऊ नयेत.’ मुहूर्त बघा! भांडण न करता नवऱ्यानं उत्तर लिहिलं. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियानं २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये अशी बंदी बेकायदा ठरवली होती. सोबत महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचं सर्टिफिकेट जोडलं आणि शेवटी एक ओळ : ‘तिच्यामुळे कुठे घाण झाल्यास आम्हाला फोन करा, पाच मिनिटांत साफ करू.’ कायद्यापेक्षा ही शेवटची ओळच जास्त लागू पडली, असा माझा संशय आहे.

दिवाळीचं काय? त्या वर्षी आम्ही कुठेच गेलो नाही. आधी डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे औषध घेऊन ठेवलं. माणसांची झोपेची गोळी चुकूनही देऊ नका. फिरणं दिवसाउजेडी उरकायचं, संध्याकाळी खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा फुल, रेडिओ चालू आणि दोघांपैकी एकजण तिच्याजवळ. ती घाबरून जवळ आली तर जवळ घ्यायचं. ‘लाड केलेत तर आणखी घाबरेल’ हा गैरसमज आहे. धीर दिल्यानं भीती वाढत नाही.

आणायच्या आधी हे वाचा

० कायदा काय सांगतो? कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. ब्रीडरला राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. १८ महिन्यांआधी मादीची पैदास करायची नाही, वर्षात एकच खेप, आयुष्यात पाचपेक्षा जास्त खेपा नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पिल्लू विकत घेणार असाल, तर नोंदणी दाखवा म्हणा आणि आई कुठे आहे, तेही बघायचंय म्हणा.

० वेळ आहे का? सुरुवातीचे दोन आठवडे घरात कुणीतरी हवं. नंतर एकटं ठेवायची सवय पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास अशी चढत्या क्रमानं.

० आधी डॉक्टर, मग ट्रेनर. दुखणं असेल तर कुठलीच शिकवणी उपयोगाची नाही. फटका मारणारा, साखळीला हिसके देणारा ट्रेनर दारातूनच परत पाठवा.

० आंघोळ, ग्रूमिंग पार्लर, डॉग पार्क, बर्थडे पार्टी हे सगळं नंतर. घाई कुणाला आहे?

० दुसरं शांत, माणसाळलेलं कुत्रं ओळखीत असेल तर त्याच्यासोबत फिरायला न्या. केनेलवाली कुत्री माणसांपेक्षा कुत्र्यांकडून लवकर शिकतात.

० मन घट्ट ठेवा. प्रगती सरळ रेषेत होत नाही. काल जमलेलं आज जमणार नाही आणि परवा पुन्हा जमेल.

अशी आणखी खूप आहेत

इंग्लंड-अमेरिकेत शर्यतींतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड दत्तक घेण्याची पद्धत जुनी आहे. जिने, काचेची दारं आणि आरसे या तीन गोष्टी त्यांनाही पहिल्यांदा घरातच भेटतात. बंगळुरूमध्ये ‘कूपा’ या संस्थेनं प्रयोगशाळांतून सुटलेल्या बीगलांना घरं मिळवून देण्याचं काम केलंय. त्या बीगलांचं आयुष्यही असंच पिंजऱ्यात गेलेलं असतं. आणि आपल्या शहरांच्या कडेला, पिल्लांच्या गोंडस फोटोंमागे, शेवंतीसारख्या कितीतरी आया असतात. त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

हे सगळं वाचून लगेच जाऊन एक घेऊन या, असं मी सांगणार नाही. खर्च असतो, वेळ जातो, गादीला वास येतो आणि पहिले काही महिने बदल्यात काहीही मिळत नाही. साधं शेपूट हलवणंही नाही. ज्यांना कामावरून आल्यावर अंगावर उड्या मारणारं कुत्रं हवंय, त्यांनी दुसरं बघावं. पण ज्यांच्याकडे थोडं धैर्य आणि पुष्कळ पायपुसणी आहेत, त्यांनी जरूर विचार करावा.

आता दोन वर्षं झालीत. शेवंती गोधडीवर चारही पाय वर करून झोपते. वेताळ टेकडीवर मोर ओरडला की कान टवकारते. पाहुणे आले की अजूनही पहिली दहा मिनिटं टेबलाखाली, मग हळूच बाहेर. काही गोष्टी मात्र राहिल्याच. जिना तिला चढता येतो, पण उतरायचं म्हटलं की पहिल्याच पायरीवर बैठा सत्याग्रह. लिफ्ट दुरुस्तीला गेली की २८ किलोंची ही बाई चार मजले नवऱ्याच्या कडेवरून खाली उतरते, कान मागे, नजर रुबाबदार. त्यानं जिमची मेंबरशिप रिन्यू केलेली नाही. म्हणतो, गरज काय?